हावरा कोळसा

मुलांनो, गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही बाबाच्या लग्नाचा फोटो माझ्यासमोर धरलात आणि विचारलंत, "आजी, ही निळ्या हातांची बाई कोण?" मी "तुमच्या आत्याआजी" एवढंच म्हणाले, आणि तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. तुम्ही पळालात, प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. तुम्हाला त्यांच्याबद्दल जे माहीत आहे ते बाबाकडून, आणि तुमचा बाबा गोष्ट सांगताना मधलं सगळं गाळून थेट शेवटाला जातो. म्हणून मीच क्रमाने लिहून ठेवते. क्रमाने काही करणं मला जमतं. त्यांना ते कधीच जमलं नाही.

तर पहिली गोष्ट ही, की तुमच्या आत्याआजींनी आयुष्यात एकही टरफल वाया जाऊ दिलं नाही आणि एकाही माणसाला सुखाने गोळी गिळू दिली नाही. त्या तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद. वयाने माझ्यापेक्षा लहान, तरी मी त्यांना "वन्सं" आणि "अहो" म्हणायची. घराची रीतच तशी. इथल्याच एका कॉलेजात त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, आणि आमच्याच घरात खालच्या मजल्यावर राहिल्या. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर नाव, प्रत्येक नावाला आपली जागा. वन्संच्या मते रिकामा डबा हा रिकामा डबा. त्यावर काय लिहिलंय ही वाचणाऱ्याची अडचण. एकदा त्यांनी माझ्या 'चहा' लिहिलेल्या डब्यात आपली काळी पूड भरून ठेवली. आजोबांनी पहाटे चष्मा न लावता दोन चमचे आधणात टाकले आणि पाच मिनिटं वाट बघितली. पाण्याला रंग काही चढेना. मग त्यांनी खऱ्या डब्यातली पत्ती त्यात टाकली, गाळणं धरलं, तर गाळण्यात काळा ढीग आणि कपात फिकट पाणी. वन्सं खालून धावत आल्या, कप उजेडात धरला आणि आनंदाने ओरडल्या, "दादा, बघ! चहाचा रंग खाल्ला की हिने!" आजोबा म्हणाले, "रंग नाही, माझा चहा खाल्ला." त्या दिवसापासून आजोबा चष्मा उशाशी घेऊन झोपू लागले.

ती काळी पूड म्हणजे वन्संचा सगळा संसार. तिला त्या 'हावरा कोळसा' म्हणत. साधा कोळसा जळतो आणि संपतो, पण हावरा कोळसा पाण्यातली नको ती गोष्ट धरून ठेवतो, असं त्या सांगत. शेतातला जो कचरा लोक बांधावर पेटवून देतात, म्हणजे शेंगांची टरफलं, तुरीच्या तुराट्या, डाळिंबाच्या साली, तो पत्र्याच्या डब्यात कोंडून हवा न लागू देता भाजायचा. तो काळा झाला की लालबुंद तापवून त्यातून वाफ सोडायची. वाफेने त्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं पडतात. "मूठभर कोळशातली भोकं उलगडून पसरली ना वैनी, तर अख्खं मैदान भरेल." वाफ कुठून यायची, तर माझ्या कुकरमधून. त्यांनी शिट्टीच्या जागी नळी बसवली होती. मी रागावले तर म्हणाल्या, "बिडरी वैनी, तुमचा भात पातेल्यात पण होतो की." 'बिडरी' म्हणजे कानडीत 'सोडा हो'. आमच्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात. भांडण मराठीत सुरू व्हायचं आणि वन्सं ते कानडीत मिटवायच्या, म्हणजे माझं म्हणणं तिथंच राहायचं.

आता गोळ्यांचं. वन्संचं म्हणणं असं की माणूस औषध गिळतो तेव्हा ते सगळं अंगी लागत नाही. उरलेलं शरीरातून बाहेर पडतं, गटारात जातं, आणि गटारातून पुन्हा पाण्यात. शिवाय मुदत संपलेल्या गोळ्या लोक बेसिनमध्ये ओततात ते वेगळंच. एवढं पटल्यावर त्यांनी गल्लीतल्या कुणालाही चैन पडू दिली नाही. पाहुणा दारात चप्पल काढतोय तोच त्या विचारायच्या, "सकाळची कुठली? आणि रात्रीची?" त्यांना माणसांची नावं आठवत नसत, गोळ्या आठवत. कोपऱ्यावरचे काका म्हणजे "ते पिवळी अर्धी तोडून घेणारे". शिक्षिका सूनबाई म्हणजे "उपाशीपोटी थायरॉईड". एकदा आम्ही एका घरी दुखवट्याला गेलो होतो. सगळे मान खाली घालून बसलेले. वन्सं विधवा बाईंच्या शेजारी बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि अगदी मायेने विचारलं, "त्यांच्या गोळ्या किती उरल्यात? बेसिनमध्ये टाकू नका हं. मी पिशवी आणलीय." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण त्या बाई त्या दिवशी पहिल्यांदाच हसल्या, आणि आत जाऊन डबाच घेऊन आल्या.

कचरा गोळा करायला तर त्यांना काळवेळ नव्हती. तुमच्या आईचे मामा सांगोल्याचे. लग्नाला ते डाळिंबाच्या पेट्या घेऊन आले होते. वन्सं पैठणी नेसून, अंबाड्यावर गजरा घालून रसाच्या टेबलापाशी पोतं धरून उभ्या. मामा म्हणाले, "आक्का, साली कशाला? फळं घ्या की, फळं!" तर म्हणतात, "फळ तुमचं, साल माझी." आणि हात निळे का? कोळसा किती हावरा झालाय ते घरी कसं बघायचं? औषध तर पाण्यात डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्या आधी निळा रंग पाण्यात कालवून कोळसा तो किती खातो ते बघत. रंग देणारे एक तेलुगू अण्णा होते, चादरींचं सूत रंगवायचे. ते उरलेला रंग बाटलीतून पाठवत. लग्नाच्या सकाळी बाटली फुटली. मी लिंबू चोळलं, साबण चोळला, रॉकेलसुद्धा चोळलं. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, हात मागे घ्या." वन्संनी दोन्ही हात पुढे केले. "कामाचे हात आहेत, चोरीचे नाहीत." आता फोटो नीट बघा.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडे चालत नसे, ती म्हणजे जमवून आणलेलं उत्तर. परीक्षेला कुणी प्रयोगाचे आकडे अगदी पुस्तकातल्यासारखे दाखवले की त्या शून्य देत. "एवढं बरोबर कधी येतंय का रे?" अशा एका विद्यार्थ्याला त्यांनी सरळ नापास केलं होतं. तो पुढे खूप शिकला आणि एका मोठ्या प्रयोगशाळेत साहेब झाला. त्याला लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

आता विहीर. आमच्या कॉलनीच्या मागे एक दगडी विहीर आहे, कॉलनीपेक्षा जुनी. इथं शेतं होती तेव्हाची. सासऱ्यांनी प्लॉट घेतला तो तिच्यासाठीच. वन्संना त्यांच्या वडिलांनी याच विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकवलं. मुलगी विहिरीत उड्या मारते म्हणून चार बायका बोलल्या, तर सासूबाई म्हणाल्या म्हणे, "तुमच्याही पाठवा, भोपळे आहेत." नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या आपल्या गावात या विहिरीने सगळ्या गल्लीची धुणी-भांडी आणि झाडं सांभाळली. मग काही वर्षांपूर्वी पाण्याला वास येऊ लागला, दवाखान्यासारखा. कुणी म्हणालं, कोपऱ्यावरच्या औषधांच्या गोदामातून सिरपं ओततात. आणि आमच्या सोसायटीचे चेअरमन, बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, गोडाचे भोक्ते, त्यांनी ठरवून टाकलं: विहीर मुरूम टाकून बुजवायची आणि वर पार्किंग करायचं. वन्संनी हे ऐकलं तेव्हा त्या टरफलं निवडत होत्या. नुसतं "बरं" म्हणाल्या. एरवी तासभर बोलणारी बाई नुसतं "बरं" म्हणाली तेव्हाच मी ओळखलं, की आता माझा दुसरा कुकरही जाणार.

आणि गेला. त्यांनी विहिरीपाशी एक मोठं निळं पिंप बसवलं. खाली वाळू, मध्ये कोळसा, वर खडी. विहिरीचं पाणी वरून ओतायचं, खालच्या नळातून घ्यायचं. एवढं पिंप भरायचं तर डबाभर कोळसा कुठे पुरणार? टरफलं द्यायला मल्लव्वा होती. ती अक्कलकोटकडची, शेंगाचटणी कुटून विकणारी, वन्संची जुनी मैत्रीण. तिने हातगाडीभर पोती पाठवली. वन्संनी रविवारी सकाळी अंगणात भट्टी पेटवली, डबे भरले, झाकणं लावली. नेमके तेव्हाच चेअरमन पाच-सहा जणांना घेऊन पार्किंगची जागा मोजायला आले होते. टेप पसरला, आणि पहिली शिंक आली. मग दुसरी. मग सगळ्यांनाच. डोळ्यांतून धारा, घशात आग. खिडक्या धडाधड बंद झाल्या. आमच्या शेजारच्या आजी जपमाळ तशीच हातात घेऊन रस्त्यावर आल्या. चेअरमन टेपचं टोक धरून वाकलेले, बोलता येईना. त्या धुरात उभ्या एकट्या वन्सं, नाकाला पदर, डोळे लाल, पकडीत डबा. चटणीची टरफलं ज्या पोत्यांतून आली ती आदल्या दिवसापर्यंत मिरचीची पोती होती! मल्लव्वाला बोलावलं तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "व्हय, मिरचीचीच हायत. झटकून दिली की आक्का! आन् तुमी भाजायच्या आदी वास घ्यायचा न्हाय व्हय?" हा प्रश्न रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेला कुणी विचारला नव्हता. वन्सं इतक्या हसल्या की पुन्हा खोकला लागला.

चेअरमन मात्र हसले नाहीत. आवाज परत आल्यावर म्हणाले, "मॅडम, पुढच्या सभेला हे पिंप काय करतं ते दाखवा. नाही दाखवलंत तर त्याच दिवशी मुरमाची गाडी बोलावतो." वन्सं म्हणाल्या, "दाखवते. पण जे येईल तेच दाखवणार." मला तेव्हा या वाक्याची भीती वाटली नाही. वाटायला हवी होती.

सभा विहिरीवरच भरली. खुर्च्या आमच्या घरच्या, चहा माझा, आणि मुरमाची गाडी खरंच कोपऱ्यावर उभी, ड्रायव्हर आत पाय वर करून बसलेला. पिंपातला कोळसा सकाळपासून धुवून धुवून वन्संचे हात या वेळी काळे झाले होते. त्यांनी आधी बादलीभर निळं पाणी वरून ओतलं. सगळे वाकून बघत होते. खालून पाणी आलं ते काचेसारखं स्वच्छ. टाळ्या पडल्या. मग विहिरीचं पाणी ओतलं. खालून आलेल्या पाण्याला वास नव्हता. चेअरमननी स्वतः दोनदा हुंगलं, चेहरा पाघळला, आणि म्हणाले, "वा मॅडम! हे तर आपल्या नळाच्या पाण्यापेक्षा बरं." असं म्हणून पेला तोंडाला लावणार, तोच वन्संनी झडप घालून तो हिसकावला. पाणी चेअरमनच्या बुटांवर. "निळा गेला म्हणजे गोळी गेली असं मी कधी म्हणाले? थांबा. फोन येऊ दे."

आठवतो ना तो नापास झालेला विद्यार्थी? वन्संनी पिंपाआधीच्या आणि पिंपानंतरच्या पाण्याच्या बाटल्या त्याच्याकडे तपासायला पाठवल्या होत्या. फोन आला. वन्संनी तो स्पीकरवर टाकून खुर्चीवर ठेवला.

"मॅडम, नमस्कार. अंगदुखीची गोळी जवळजवळ सगळी गेली. अँटिबायोटिकही बरंचसं गेलं. टरफलांचा कोळसा म्हणजे… कमालच."

पुन्हा टाळ्या. मी चहाचा ट्रे उचलला. पण फोनवरचा माणूस थांबला होता.

"मॅडम, तुम्ही एकट्याच आहात का?"

"सगळी कॉलनी आहे. का रे?"

"नाही म्हणजे… एवढंच सांगू, का सगळं सांगू?"

मी वन्संकडे बघितलं. मुरमाची गाडी त्यांच्या अगदी समोर होती. त्यांनी फक्त "एवढंच" म्हटलं असतं तर विहीर तिथंच वाचली होती. कुणाला काही कळलं नसतं. आजोबा माझ्या कानात पुटपुटले, "एवढंच म्हणू दे रे देवा."

वन्सं म्हणाल्या, "तुला नापास कशासाठी केलं होतं?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "सगळं सांगतो. शुगरची गोळी जशीच्या तशी आहे, मॅडम. आधी जेवढी, नंतरही जवळपास तेवढीच. ती तुमच्या कोळशाला चिकटतच नाही. आणि सिरपाचं म्हणाल, तर तसलं काही सापडलं नाही."

वन्संचा चेहरा उतरला होता. भोपळा सुटलेल्या मुलीसारख्या त्या क्षणभर विहिरीकडे बघत राहिल्या. मग सावकाश मान वर केली, आणि मला त्यांच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक दिसली.

"शुगरची गोळी," त्या म्हणाल्या, "शरीरात जिरत नाही. जशी गिळली तशी बाहेर पडते. गोदामातून नाही, माणसांतून. म्हणजे कुणाचं तरी ड्रेनेज फुटून विहिरीत येतंय." आणि चेअरमनकडे वळून अगदी नम्रपणे विचारलं, "साहेब, सकाळची कुठली? आणि रात्रीची?"

"माझीच कशावरून?" चेअरमन उठून उभे राहिले. "पिवळी अर्धी तोडून घेणारे… म्हणजे हे काका, ते पण शुगरवाले आहेत की!"

"मी बीपीवाला आहे, साहेब!" काका ओरडले. "आणि जिलेबी कोण खातंय रोज? नाक्यावर?"

"रोज नाही! गुरुवारी फक्त!"

यावर सगळ्यांच्याच गोळ्या बाहेर आल्या. कोण दोन घेतं, कोण चोरून तीन घेतं, कुणाची सून मोजून देते, कुणाच्या बाथरूमचा पाइप कुठून जातो. सोसायटीच्या कुठल्याही सभेत एवढी खरी माहिती कधी उघड झाली नव्हती. त्या गदारोळात मुरमाचा ड्रायव्हर खाली उतरून आला आणि म्हणाला, "सायेब, भाडं तर लागलंच हाय. हिर बुजवायच्या आदी गटारच उकरून बगू का?" उकरलं. चेअरमननी मागे वाढवून बांधलेल्या बाथरूमचा पाइप कंपाउंडच्या भिंतीखाली फुटलेला निघाला. चेअरमन त्या खड्ड्याकडे बघून खाकरले आणि म्हणाले, "माझ्या मते विहीर राहू द्यावी. ऐतिहासिक आहे." मुरूम त्याच खड्ड्यावर पडला.

पाइप बदलल्यावर वास हळूहळू गेला. वन्संनी मात्र पाणी पिऊ दिलं नाही, कुणालाच नाही. त्यांनी पाटी रंगवून घेतली, मराठीत, कानडीत, तेलुगूत आणि उर्दूत: 'पिण्यासाठी नाही. धुण्यासाठी, झाडांसाठी.' मी म्हणाले, इंग्रजीतही लिहा. म्हणाल्या, "इंग्रजी वाचणारे बाटलीतलं पितात, वैनी." चेअरमनशी त्यांची मग चांगली गट्टी जमली. ते संध्याकाळी येऊन बसत, वन्सं त्यांना बिनसाखरेचा चहा देत आणि शुगरची गोळी धरणारा कोळसा कसा करता येईल याचे बेत सांगत. चिंचोके झाले, बाभळीच्या शेंगा झाल्या, करडईची फोलपटं झाली. ते काही जमलं नाही. प्रत्येक वेळी बाटली प्रयोगशाळेत जायची आणि फोन यायचा, "मॅडम, तशीच आहे." त्या म्हणायच्या, "बरं. खरं सांगितलंस."

शेवटच्या दुखण्यात त्यांनाच ढीगभर गोळ्या लागल्या. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांच्या गोळ्या मोजल्या, त्यांच्या गोळ्या मी मोजून द्यायची, वारांची नावं लिहिलेल्या डबीतून. त्या निमूट घेत. एका दुपारी डबी बंद करताना त्यांनी माझा हात धरला. बोटांच्या नखांत अजून थोडा निळा रंग होता, तो काही केल्या गेला नव्हता. म्हणाल्या, "वैनी, आता माझ्यातून लई काय काय खाली जातंय. पिंपातला कोळसा जरा लवकर बदलत जा." मी म्हणाले, पाइप चांगला आहे, विहिरीत काही जात नाही. "ते कुणी बघितलंय?" त्या म्हणाल्या, आणि मग डोळे मिटून पुटपुटल्या, "बिडरी." त्या वेळी मला काही बोलायचंच नव्हतं, तरी भांडण त्यांनीच मिटवलं.

विहीर आहे. पिंप आहे. मल्लव्वा टरफलं पाठवते, आता नव्या पोत्यांतून, आणि मी भाजण्याआधी वास घेते. कोळसा मीच बदलते. पाटीवरची कानडी आणि उर्दू अक्षरं उन्हाने पुसट झाली होती, ती गेल्या महिन्यात पुन्हा रंगवून घेतली. माझ्या फडताळात 'चहा' लिहिलेल्या डब्यात अजूनही कोळसाच आहे. मी नाव बदललेलं नाही.